चष्म्याच्या डबीतला रुपया

दाजी,

तुमची नाणी विकली गेली. कोणीतरी तुम्हाला हे सांगायला हवं होतं, आणि आपल्या घरात नकोशा बातम्या सांगायचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

वर्तमानपत्रात तुमच्यावर चार ओळी आल्या. त्यात तुम्हाला 'ज्येष्ठ नाणेतज्ज्ञ' म्हटलंय. नांदेडच्या धान्याच्या मोंढ्यात एका आडतीवर हयातभर दिवाणजी म्हणून बसलेल्या माणसाला मेल्यावर बढती मिळते ती अशी. तुम्ही वाचलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, "तज्ज्ञ म्हंजे काय रे? ज्याला पगार नसतोय तो का?" फोटो माझ्या मुलीच्या लग्नातला छापला होता, फेटा बांधलेला. तो फेटा बांधून घेताना तुम्ही किती कुरकुरला होतात ते मला चांगलं आठवतं. आता कायमचे फेट्यात राहिलात.

तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत. लातूरच्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागलो तेव्हा पेढे घेऊन तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही पेढा तोंडात टाकलात आणि आत बघून अक्काला ओरडून सांगितलंत, "अगं, तुझा भाऊ मास्तर झालाय." मी म्हणालो, प्राध्यापक. "तेच ते. मोठा मास्तर." तेव्हापासून मी मास्तरच राहिलो. बायकोच्या धाकट्या भावाची टर उडवणं हा दाजीचा हक्क असतो आणि तुम्ही तो पुरेपूर बजावलात. मीही काही कमी नव्हतो.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते नाण्यांवरून होतं. आडतीवर तूर-हरभरा घेऊन येणारा एखादा शेतकरी कंबरेच्या पिशवीतून जुना रुपया काढून विचारायचा, "दिवाणजी, ह्ये कुठं चालतंय का बघा." तुम्ही तो योग्य भाव देऊन ठेवून घ्यायचात. उदगीर, देगलूर, कंधार, जिथे आठवडी बाजार तिथे तुमचा रविवार. मी म्हणायचो, नाणं चालतं तोवर नाणं, बंद पडलं की नुसता धातू. निजाम गेला, त्याचा हाली शिक्का गेला, तो शिक्का गल्ल्यात टाकणारे दुकानदार गेले; तुम्ही कोणासाठी पहारा देताय? तुम्ही सरळ उत्तर कधीच दिलं नाहीत. एखादं नाणं माझ्या तळहातावर ठेवायचात.

"मूठ मिट."

मी मिटायचो.

"आता यानं काय काय घेतलं असंल, सांग."

"काय घेतलं असेल?"

"दोन पायली जवारी. एखाद्या पोरीच्या कानातलं. पाटलाची मर्जी."

हा काही युक्तिवाद नव्हे, असं मी म्हणायचो. "युक्तिवाद तुझ्याकडं लई हायेत, मास्तर. नाणी माझ्याकडं हायेत."

एक प्रसंग आपण दोघांनीही पुन्हा कधी काढला नाही. आमचं गाव किल्लारीच्या शेजारचं. भूकंप झाला तेव्हा तुम्ही आडतीचा ट्रक मागून घेऊन ज्वारीची पोती आणि ताडपत्र्या भरून आलात. आमचं घर बसलं होतं, आई-बाबा वाचले होते. शेजारचं घर उरलं नव्हतं, माणसंही नाहीत. ढिगारे उपसताना भिंतींतून चांदी निघायची, कधी गाडग्यात, कधी फडक्यात बांधलेली, आणि ती विकत घेणारेही फिरत होतेच. तुमचा षोक ठाऊक असलेला एक जण ओंजळभर रुपये घेऊन तुमच्यासमोर उभा राहिला. तुमची नजर त्या ओंजळीत अडकली, ते मी पाहिलं. मग तुम्ही स्वतःच्या हातांनी त्याच्या मुठी मिटवल्यात आणि म्हणालात, "आज न्हाई. वरीसभरानं ये. तवाबी इकावं वाटलं तर बघू." तो परत आला नाही. त्याबद्दल मी तुम्हाला कधी एक शब्द बोललो नाही. चिडवायला माझ्याकडे शब्द नेहमी भरपूर असायचे, दुसऱ्या कामाला ते पुरत नसत.

दवाखान्यात तुम्ही अखेरचं असं काही बोलला नाहीत. नाण्यांचं काय करायचं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि सांगायची तुम्हाला घाई नव्हती. माझ्याशी शेवटचं बोललात ते कॅन्टीनच्या उपम्याविषयी. "यापरीस शिमिट बरं." एवढ्या मार्गदर्शनावर मला तुमच्या आयुष्यभराच्या ठेव्याचा निर्णय घ्यायचा होता.

घ्यावा लागला तो अक्कासाठी. आडतीच्या नोकरीला पेन्शन नसते, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ते कधी मनावर घेतलं नाहीत. संजू पुण्याहून आला तो आईला घेऊन जायचं ठरवूनच. पोरगा वाईट नाही. त्याने मला गच्चीवर नेऊन स्वच्छ सांगितलं, "मामा, बाबांच्या नाण्यांचे बरे पैसे आले आणि त्याच्या व्याजावर आईचं भागत असेल, तर राहू दे तिला इथं. नसेल भागत, तर मी घर विकायला काढतो आणि तिला नेतो. तिथून इथला खर्च मला झेपणार नाही." त्यात चूक काढायला मला काही सापडलं नाही.

अक्काला जायचं नव्हतं. ती मला म्हणाली, "संजूकडं चार दिवस बरं वाटतंय बघ. पाचव्या दिवशी सुनंला इचारावं लागतंय, चाळणी कुठं ठेवलीस म्हनून. इथं मला अंधारातबी चाळणी सापडतीय." म्हणजे प्रश्न नाण्यांचा नव्हताच. अक्काच्या चाळणीचा होता.

पहिली मागणी तेराव्याच्या पंगतीतच आली. एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आले होते, तुम्ही ज्यांना 'चालता बोलता बॅनर' म्हणायचात ते. त्यांना संग्रह एकत्र हवा होता, संस्थेत दालन करायचं होतं. दालनाला त्यांच्या वडिलांचं नाव, लोकार्पण मंत्र्यांच्या हस्ते, आणि कोनशिलेवर सर्वांत खाली, कंत्राटदाराच्या नावानंतर, 'संकलन' म्हणून तुम्ही. मी किमतीचं विचारलं. त्यांनी डोळे मिटले. "सर, अमूल्य ठेव्याची किंमत आपण कशी करणार? वहिनींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू." सार्वजनिक जीवनात अमूल्य म्हणजे फुकट, हे मला निवृत्तीपूर्वीच कळलं होतं. अक्का आतून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "शाली हायेत की घरात. तुझ्याच सत्काराच्या हायेत सगळ्या."

दुसरा मार्ग सराफाचा. तो तागडी पुढे ओढून बसलाच होता. वजन करायचं, आटवायचं, चालू भावाने पैसे. त्याच्या दुकानात उभा असताना मला माझंच वाक्य ऐकू आलं, बंद पडलं की नुसता धातू, आणि माझा धीर झाला नाही. वादात बोललेली वाक्यं प्रत्यक्षात आणायची वेळ येईल, अशी मास्तर लोकांची अपेक्षा नसते.

मग हैदराबादचे ते व्यापारी आले. तुम्ही त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवून होतात. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी हात धुतले, कोरडे केले, आणि तुमचे चारमिनार छापाचे हाली रुपये साल लागून साल मांडायला घेतले. बाकी नाणी त्यांनी नम्रपणे बाजूला सारली. किंमत या माळेचीच होती, हे मलाही कळत होतं. एका जागी त्यांचं बोट थांबलं. मखमलीत गोल खड्डा होता, नाणं नव्हतं.

"ये साल?"

"आहे ते," मी म्हणालो. "वेगळं ठेवतात."

"है तो बिस्मिल्ला. सिलसिला पूरा रहा तो एकीच आदमी पूरा उठाता, साब. मेरे पास है वैसा आदमी. बीच में खड्डा रहा तो फुटकर जाता. फुटकर में क्या आता, आप समझदार हैं."

पुरी माळ असली तर काय येईल, ते त्यांनी हळूच सांगितलं. मी संजूचं गणित मनात मांडून पाहिलं. अक्का नांदेडात राहणार होती.

ते साल कोणतं, हे इथे लिहीत नाही; लिहिलं तर उद्या माझ्या दारात दलाल उभे राहतील. तुम्हाला ते देगलूरच्या बाजारात मिळालं तेव्हा मी परीक्षेच्या हॉलवर होतो. शिपाई धावत आला, नांदेडहून फोन आहे म्हणून. पेपर तसेच टाकून मी धावलो. "मास्तर, सापडलं." मी विचारलं, आता काय करणार? "आता काय करायचं असतंय? बघत बसायचं." आणि खरंच बघत बसलात. ते ट्रेमध्ये कधी ठेवलंच नाहीत. चष्म्याच्या डबीत, चष्म्याखाली. सकाळी चष्मा काढताना आधी रुपया बघायचा, मग जग.

मी कपाटावरून डबी आणून उघडली. आत नुसता चष्मा होता.

माझा संशय ताबडतोब अध्यक्षांवर गेला. तो तसा कशाहीसाठी त्यांच्यावरच जातो. व्यापाऱ्यांना चहा देऊन मी अक्काकडे आत गेलो.

"डबीतला रुपया कुठंय?"

"त्यो दिला की गुरुजीला. दिवसांत गाय मागितली न्हाई का त्येंनी? गायीच्या जागी चांदीचा रुपया चालतंय म्हनले. मी डबीतला दिला."

"अक्का, तोच कामून दिलास? ट्रे भरून रुपये होते."

"रोज सकाळी त्योच तर बघत होते." ती पीठ मळत होती, थांबली नाही. "देयाचं म्हनल्यावर आवडीचंच देवं लागतंय. नावडतं कोण देतंय?"

दाजी, हे तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून सांगतो. मेलेल्या माणसाला वैतरणी नावाची नदी ओलांडावी लागते आणि तो गायीचं शेपूट धरून ती ओलांडतो, म्हणून ती गाय दान द्यायची. तुम्ही आयुष्यभर शोधलेला रुपया अक्काने तुमची गाय केला.

मी गुरुजींकडे गेलो. भला माणूस. त्यांना ओशाळल्यासारखं झालं, आणि मला त्यांच्यापेक्षा जास्त. "सर, आमच्याकडं नाणी राहत नाहीत हो. घाटाकडं जाताना पूजासाहित्याचं दुकान आहे, तिथं जमा करतो. ते आम्हाला तांदूळ-तूप देतात."

तिथे मला एक व्यवहार समजला, जो तुम्हाला माहीत असता तर तुम्ही त्यावर संध्याकाळभर बोलला असतात. दुकानात दर्भ, तीळ, पितळी तांबे यांच्यामध्ये स्टीलची एक ताटली होती, तीत चांदीची नाणी. ज्यांच्याकडे जुना रुपया नसतो ते इथून घेतात, घाटावर दान देतात, गुरुजी तेच संध्याकाळी इथे आणून देतात, दुसऱ्या दिवशी दुसरं घर ते घेऊन जातं. माझ्यापुढचा माणूस टक्कल केलेला, ओल्या धोतरात. त्याने विचारलं, "गाय हाय का?"

"हाय की. मोठी देऊ का ल्हान?"

"काय फरक हाय?"

"मोठी म्हंजे रुपया. ल्हान म्हंजे अधेली. वासरू धरा. स्वस्त पडतंय."

तो वासरू घेऊन गेला. मी ताटली पुढे ओढली आणि बोटाने नाणी सरकवू लागलो. बहुतेक राणीछाप, राजाछाप. चारमिनारचे मोजकेच होते. त्यांतला एक उलटा केला आणि साल दिसलं. तुम्ही मला उर्दू आकडे वाचायला शिकवलेत त्याचा उभ्या आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग. दुकानदाराने वजनावर भाव सांगितला. ज्या नाण्यासाठी तुम्ही तालुक्यांमागून तालुके पालथे घातलेत, ते एका साध्या सदऱ्याच्या किमतीत माझ्या हातात होतं.

सरळ खिशात टाकायला हवं होतं. तसं केलं असतं तर हे सगळं वेगळं लिहिलं गेलं असतं. मी अक्काला फोन केला.

"सापडला."

"काय?"

"रुपया. घाटाजवळच्या दुकानात हाय. घेऊन येतो."

पलीकडे तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "ठेव तिथंच."

"अक्का, यावर तुझं घर हाय."

"कशावर काय हाय ते म्हाइत हाय मला."

"मी गुरुजींना दुसरा रुपया देतो. चांदी तीच, वजन तेवढंच. काही कमी पडणार न्हाई."

"तुला पटतंय का, गाय-बिय?"

"न्हाई पटत."

"मग तू कामून मधी बोलून राहिलास?" तिचा आवाज चढला नव्हता. "पान्याच्या मधात असतील ते आता. न्हाई तर पोचलेबी असतील. मला काय ठाव? शेपूट सोडवून घेऊ का त्येंच्या हातातलं? 'थांबा, तुमची गाय बाजारात महाग निघाली, दुसरी पाठवते' म्हनू?"

दुकानदार माझ्याकडे पाहत होता. मागे दोन माणसं खोळंबली होती. मी नाणं ताटलीत ठेवलं. दुकानदार म्हणाला, "घेयाची न्हाई का गाय?" मी म्हणालो, आमच्याकडं झालेली आहे.

पुढे एकदा त्याच रस्त्याने गेलो तेव्हा राहवलं नाही, डोकावलो. ताटलीत ते नव्हतं. अहमदपूरकडचं कोणी घेऊन गेलं, दुकानदार म्हणाला, त्यांचे गुरुजी त्यांच्याबरोबरच होते. म्हणजे आता ते तिकडच्या कुठल्या तरी ताटलीत असेल. हाली शिक्का बंद होऊन जमाना लोटला, पण तुमचा एक रुपया पुन्हा चालायला लागला आहे. एक गाय, असा त्याचा भाव आहे. आपल्या वादात हा मुद्दा कोणाच्या बाजूने धरायचा ते सांगायला तुम्ही असायला हवे होतात.

माळ फुटकर गेली. व्यापाऱ्यांनी एकेक रुपया वेगळ्या पाकिटात घातला, आणि ट्रेमध्ये जिथे एकच खड्डा होता तिथे नुसते खड्डेच राहिले. सचोटीचा माणूस होता; जमेल तेवढं दिलं. संजूच्या गणिताला ते पुरलं नाही. अक्काने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येंनी जेवून जावं म्हनावं. हैदराबादला पोचंस्तोवर उपाशी राहतील."

घराला गिऱ्हाईक लगेच मिळालं. अक्काने भांडी वाटून टाकली, चाळणी मात्र पिशवीत घातली. संजूची बायको हसून म्हणाली, "आई, आहेत तिकडे चाळण्या." अक्का म्हणाली, "असू दे." पुण्याहून फोन करते. बाल्कनीतून समोरची बाल्कनी दिसते, म्हणते, आणि समोरच्या बाल्कनीतल्या बाईलाही बहुतेक हीच दिसत असेल. तक्रार करत नाही. तुम्ही गेल्यापासून तिने कशाचीच तक्रार केलेली नाही, आणि मला तेच सहन होत नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "अक्का, पस्तावा होतोय का?" ती म्हणाली, "कशाचा? मला कुठं नदी पार करायची हाय अजून? मी राहीन की कुठंबी."

दाजी, माझा त्या नदीवर विश्वास नाही. गायीवर तर त्याहून नाही. मी हे वर्गात शिकवलं, व्याख्यानांतून सांगितलं, त्याबद्दल मला शालीही मिळाल्या. पण मी बरोबर असेन तर त्याचा अर्थ असा होतो की माझ्या बहिणीने स्वतःचं घर नसलेल्या गायीपायी, नसलेल्या पाण्यात सोडून दिलं, आणि पलीकडे कोणी उतरलंच नाही. हे वाक्य मी इथे लिहू शकतो. तिच्यासमोर मला ते कधी उच्चारता येणार नाही. तुमच्याशी वाद घालताना मी नेहमी बरोबर ठरायची धडपड केली. या एका बाबतीत मी साफ चुकलेला असावा, माझं सगळं वाचन वाया गेलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. ती नदी असावी, दाजी. आणि तुम्ही ती ओलांडलेली असावी.